सिंहाच्या पायांचा पलंग

(अलेक्झांड्रिया, रोमन राजवट. खडकात खोल कोरलेली एका घराण्याची कबर. वरच्या दालनात घरच्या मालकाच्या वर्षश्राद्धाचं जेवण चाललंय. खाली, कोरलेल्या भिंतीपाशी, त्याची मुलगी हेराइस आणि पाथरवट पेतोसिरिस.)

हेराइस : त्या भिंतीला हात लावलास ना, तर हीच छिन्नी तुझ्या पायावर टाकेन.

पेतोसिरिस : टाक. पण मग तुझ्या दादाला तूच सांग. पाहुणे गेले की चित्र खरवड आणि तिथं फुलांचा हार कोर, असं त्यानं सांगितलंय. मी आपला दगडातला माणूस. सांगतील ते कोरतो, सांगतील ते पुसतो.

हेराइस : अरे, बाबांचं चित्र आहे ते! जिवंतपणी समोर उभं राहून कोरून घेतलं त्यांनी.

पेतोसिरिस : उभे कुठले? स्टूल टाकून बसायचे आणि माझं डोकं खायचे. मेलेल्यांना राखणारा कोल्ह्याच्या तोंडाचा देव मी जन्मभर उघड्या अंगाचा कोरत आलो. तुझा बाप म्हणतो, याला चिलखत घाल, कमरेला तलवार दे.

हेराइस : दारावर पहारा द्यायचा तर चिलखत नको? फौजेत होते बाबा. त्यांना कळत होतं.

पेतोसिरिस : आमच्या गल्लीत अजून हसतात मला. म्हणतात, पेतोसिरिसनं देवाला रोमन फौजेत भरती केलं.

आई : काय चाललंय? वरपर्यंत ऐकू येतोय तुमचा आवाज.

हेराइस : आई! एवढ्या पायऱ्या कशाला उतरलीस? गुडघे दुखतात ना तुझे?

आई : दुखू देत. लाँगिनसनं काय खरवडायला सांगितलंय?

हेराइस : सांग की आता. माझ्यासमोर कसा तोऱ्यात बोलत होतास!

पेतोसिरिस : बाई, तुमच्या मुलाचं म्हणणं असं, की चित्रात तुमचे मालक पट्ट्या गुंडाळून सिंहाच्या पायांच्या पलंगावर निजलेत, देव वाकून त्यांच्या अंगाला ते टिकावं म्हणून मसाले लावतोय. खरं बघायला गेलं तर त्यांना जाळलं. कोनाड्यात राखेचं मडकं आहे. लोक बघतात, हसतात. खोटं चित्र नको, म्हणाला.

आई : आणि ते खोटं केलं कोणी?

हेराइस : त्यानंच! तू आजारी मावशीकडे, नदीच्या वरच्या गावाला. इकडे बाबा गेले आणि ह्याची घाई. ‘आपण रोमन, रोमन माणसाला जाळतात.’ मी आरडाओरडा केला, तर मला खोलीत कोंडून घातलं.

आई : माहितीय मला.

हेराइस : माहितीय, माहितीय! म्हणून वर्षभर त्याला वाढतेस? बाबांनी शब्द दिला होता तुला. तुमच्या लोकांसारखा गुंडाळून घेईन, म्हणाले होते.

आई : दिला होता. ह्यांनी दिलेला शब्द कधी मोडला नाही, हा दुसऱ्यानं मोडला. अगं, राग गेला माझा. राहिलंय ते वेगळंच. अंगच नाही तर मेलेला माणूस पलीकडच्या जगात उठणार कशात? मी जाऊन हाक मारली, तर ओ कोण देणार? राख?

हेराइस : मग एक कर. मडकं घरी नेऊ. मी शालीखाली धरते, दादाला पत्तासुद्धा लागणार नाही. तुझ्या उशाशी ठेव.

आई : वर काय फुटतंय, ऐकतेस?

हेराइस : ताटं. जेवणं झाली वाटतं.

आई : का फोडतात?

हेराइस : इथं जेवलेलं ताट घरी न्यायचं नसतं. हे काय विचारणं झालं? पोरासोरांना माहीत असतं.

आई : मातीचं ताट नेत नाहीस आणि बापाला नेणार? इथं उतरलेलं वर जात नाही, पोरी. मलाच यावं लागेल. पेतोसिरिस, दिवा जवळ घे. हे निजलेलं अंग माझं करता येईल?

पेतोसिरिस : म्हणजे? मालकांच्या जागी तुम्ही?

आई : हो. मी काही रोमन नाही. मला कोणी जाळणार नाही.

हेराइस : जाळून तर बघू दे. आधी दादालाच पेटवते.

आई : मला गुंडाळतील, इथं आणून ठेवतील. मग चित्र खोटं कुठं राहिलं? लाँगिनसचंही समाधान.

पेतोसिरिस : जमेल. दगड काढता येतो, लावता येत नाही. पण मालक आडव्या अंगाचे, तुम्ही म्हणजे काडी. त्यांच्यातून तुम्ही आरामात निघाल. नाकाचीही चिंता नाही. ह्या एका नाकातून तुमची दोन निघतील.

हेराइस : तेच नाक माझ्या वाट्याला आलंय. बोल अजून.

पेतोसिरिस : मी कुठं काय बोललो! पण बाई, तुमचा मुलगा हार मागेल.

आई : पलंगाखाली कोर. तिथं जागा आहे. आणि काही बोललाच, तर सांग, तुझ्या आईची कबर आहे, तुझ्या आईनं सांगितलं.

हेराइस : वा! दादानं जाळलं, तू खरवड. बाबांनी जायचं कुठं? ना मडक्यात धड, ना भिंतीवर!

आई : पेतोसिरिस, पाय बारीक कर. पोट उतरव. खांदे कमी कर.

हेराइस : आई, मी काहीतरी विचारतेय!

आई : आणि छातीला छिन्नी लावू नकोस. ती त्यांचीच राहू दे.

पेतोसिरिस : बाई, मग उंचवटा दिसेल तिथं. तान्हं मूल उराशी घेऊन निजल्यासारखा.

आई : दिसू दे. गुंडाळणाऱ्यांना सांगून ठेवलंय मी. मला इथं खाली आणलं की राख कापडात बांधायची आणि माझ्या पट्ट्यांच्या आत, उरावर ठेवायची. मला उठवायचं तर दोघांना उठवावं लागेल.

हेराइस : (शालीनं डोळे पुसत) आई गं!

आई : रडू नको. दिवा धर त्याच्यासाठी. सगळीकडून काढ रे, पेतोसिरिस. तेवढी जागा सोड. तिथं हे असतील.