आडवा नंदीध्वज

(नवी पेठेतली चहाची टपरी. तिघं मित्र, तीन कटिंग.)

अक्षता : थांब, माझ्या डोक्यात शिरेना. व्हिडिओ तुझ्या मोबाईलमध्ये होताच की. अज्जांना त्याच्यावरच दाखवायचा.

नंदीश : दाखवला की. अज्जानं हातात बी घेतला न्हाय. म्हणाला, एवढा उंच नंदीध्वज ह्या काडेपेटीत मावतो व्हय? टीव्हीवर लाव. आता बघ, अज्जानं सगळं आयुष्य गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलला. यंदा खुब्याचं ऑपरेशन, खाटेवर पडून. आणि यंदाच पहिल्यांदा ती उंच काठी कमरेला लावून पेलायची पाळी माझी आली. येईल त्याला अज्जा सांगत होता, ह्या पोराच्यानं होत न्हाय, कलंडवतो बघा. त्याला दाखवल्याशिवाय मला जेवण जाईना.

आवेज : मैं शूट किया ना पूरा. मोबाईल उभा धरून. वरच्या शेंड्यापासनं ह्याच्या थरथरत्या पायापर्यंत.

नंदीश : पाय थरथरत नव्हते बे.

आवेज : मग मोबाईल थरथरत असंल.

नंदीश : तू गप की. तर पेनड्राइव्ह लावला, टीव्ही म्हणतो ही फाइल चालत न्हाय. हा आवेज म्हणाला, ऑनलाइन एक साइट हाय, फुकट, फाइल टाकायची, टीव्हीला चालणारी करून देती. टाकली. हिरवं बटण दाबलं, पोट कमी करायची जाहिरात. निळं दाबलं, मंगळसूत्रं. खरं बटण कोपऱ्यात, मुंगीएवढं. आणि अपलोड तर गोगलगाय. मी घरात फर्मान काढलं, कुणी नेट वापरायचं न्हाय. आईनं मोबाईलवरची मालिका बंद केली.

अक्षता : काकूंनी? मालिका?

नंदीश : तेवढं सिरियस वातावरण होतं.

आवेज : अब सुन. ह्याच्या अकलेचा भाग आला.

नंदीश : खाली एक चौकोन होता, व्हिडिओ फिरवायचा का म्हणून. आता व्हिडिओ उभा, टीव्ही आडवा. दोन्हीकडं काळ्या पट्ट्या येणार, मधी चिंचोळा मी. मी म्हटलं टीव्ही गच्च भरला पाहिजे. फिरवला.

अक्षता : नंदीश. तू नंदीध्वज आडवा केलास.

नंदीश : टीव्ही भरला पण. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. मी बाराबंदी घालून भिंतीवर पालीसारखा चालतोय, आणि नंदीध्वज सपाट झोपलेला. आई हात जोडून म्हणाली, अपशकुन झाला. अप्पा म्हणाले, टीव्हीच उभा करा. मग अप्पा आणि हा, टीव्ही उचलायला गेले.

आवेज : वायर छोटी होती यार. मी टीव्ही मिठीत धरून उभा, अप्पा म्हणतायत अजून फिरव, आणि टेबलावरचा फ्लॉवरपॉट गेला.

अक्षता : आणि तू काय करत होतास?

नंदीश : दारात उभा होतो. अज्जाकडं बघायची छाती होईना. म्हटलं झालं, आता हे जन्मभर ऐकायचं. तेवढ्यात अज्जा म्हणाला, ठेवा रे ते खाली. चांगलं सरळ दिसतंय की.

अक्षता : सरळ?

नंदीश : तो कुशीवर झोपलेला ना. डॉक्टरनं पाठीवर पडून राहू नका म्हणून सांगितलेलं. त्याला नंदीध्वज ताठ उभा. आमीच सगळे वाकड्या माना करून. मग हा चटईवर आडवा झाला, म्हणाला, खरंच बे, सीधा है. मग माझी बहीण सिद्धेश्वरी आडवी झाली. मग आई. अप्पा लई वेळ उभे राहिले, शेवटी तेबी पडले. शेजारच्या चिमाबाई साखर मागायला आल्या, सगळं घर जमिनीवर बघून तशाच परत गेल्या.

आवेज : वाटी विसरून गेली बिचारी.

अक्षता : अरे पण अज्जा काय म्हणाले? होत नाही म्हणाले का परत?

नंदीश : ऐक की. मधी एका वळणावर नंदीध्वज जरा झुकतो, बघितलंस तू. तितं अज्जाचा हात चादरीच्या आत कमरेला गेला. घट्ट धरल्यासारखा. मी सावरला, तवा त्यानं सोडला. संपला तर म्हणाला, इन्नोम्मे, अजून एकदा. परत लावला. मग परत.

अक्षता : आणि तू दारातच?

नंदीश : दारातच. मग अज्जा कण्हत कण्हत जरा भिंतीकडं सरकला. खाटेवर हात थोपटून म्हणाला, ये, पड हितं. तिथनं तुला नीट दिसत नसंल.