सेन्सरचा बाण

नाय, तुम्ही करा ना पोपटकाका, करा गणपतीच्या डोळ्यांची आखणी, मला माहितीये आखणी चालू असताना तुमच्या कारखान्यात कोणी बोलत नाय — पण ते तुमच्यासाठी, माझ्यासाठी नाय. मी बोलणार. ठाण्याहून पेणला आलेय मी त्यासाठी. ओळखलंत ना? शीरा. एलियाह रोहेकरांची मुलगी. तुमची पांढरी गाडी आम्ही घेतली, बाबा एकटेच येऊन घेऊन गेले इथून — हां, मान हलवा नुसती, तेवढं पुरे.

हे काय आहे माहितीये? सेन्सर. मधल्या बॉक्सच्या खाली असतो, हँडब्रेकपाशी. वळताना गाडी कुठल्या बाजूला ढकलली जातेय ते हा सांगतो, आणि गाडी घसरतेय असं वाटलं तर गाडी आपली आपण एका चाकाचा ब्रेक दाबते. आपली आपण. मला न विचारता. आता यावर बाण आहे बारका — दिसतोय? तो गाडीच्या तोंडाकडे पाहिजे. आमच्या गाडीत डिकीकडे होता. म्हणजे मी वळणार एकीकडे आणि हा सांगणार भलतंच. आणि तो उलटा कोणी लावला? मी? तुम्ही. मोठी मूर्ती न्यायची म्हणून पुढची सीट काढायची, बॉक्स काढायचा, सपाट पाट टाकायचा, हा मध्ये येतो म्हणून हाही काढायचा — आणि सीझन संपला की लावून टाकायचा, कसा पण. मूर्तीला धक्का नको, माणसांचं काय, माणसं बघून घेतील. बरोबर ना?

आणि मला काय काय ऐकायला लागलं. एका गॅरेजने स्कॅनर लावला, म्हणे सेन्सर गेला. नवीन टाकला — आणि कसा टाकला? जुना होता तसाच, उलटा. परत स्टिअरिंगपुढे तोच पिवळा दिवा. दुसरा म्हणे वायरिंग. शेवटी जितेश म्हणून एक मेकॅनिक आहे, त्याने मला लॅपटॉप मांडीवर धरायला लावला आणि मैदानात गोल गोल फिरवली गाडी, म्हणाला फक्त ग्राफ बघ. गाडी डावीकडे, ग्राफ उलटा. गाडी उजवीकडे, ग्राफ परत उलटा. तो हसायला लागला. मला नाय आलं हसायला. कारण तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं — भिसे खिंडीत. रोह्याला चाललो होतो, आईच्या कबरीवर. बाबा शेजारी, मांडीवर केळी-खजुरांची पिशवी. वळणावर गाडीने आपोआप ब्रेक मारला, गर्रकन फिरली, कठड्याला टेकून थांबली. खजूर सगळे पायात. आणि बाबा काय म्हणाले? शांतपणे म्हणाले, शीरा, तुझा हात नाय बसला अजून.

माझा हात. आखणीवाले तुम्ही, हात हात करता ना दिवसभर? तर माझा हात.

आता कळलं कशाला आलेय? दुरुस्तीबिरुस्ती काय नकोय मला. जोनाथन, माझा भाऊ, इस्रायलला असतो, तो कधीपासून बोलवतोय बाबांना. रोह्यातली आमची बाकी ज्यू मंडळी कधीच तिकडे गेली. बाबा म्हणायचे, तुझी आई इथे आहे, तिला भेटायला मिळतंय तोवर मी कुठे नाय जायचा. म्हणून तर गाडी घेतली मी. आणि त्या दिवसानंतर म्हणतात, आता रोह्याला कोण नेणार मला, मग इथे राहून करू काय. पुढच्या आठवड्यात विमान आहे त्यांचं. मी एकटी राहणार त्या घरात — ते सोडा, तुमचा संबंध नाय. तुम्ही फोन लावायचा बाबांना, आता. सांगायचं, चूक माझी, तुमची मुलगी चांगली चालवते. एवढंच. ब्रश ठेवा खाली. ठेवा म्हटलं ना.

काय? परत बोला.

सांगितलं होतं — कोणाला? बाबांना? इथेच उभं राहून? की दिवा लागतोय, तो पार्ट मी काढून लावलाय, आधी गॅरेजला दाखवा, मगच मुलीच्या हातात द्या — आणि ते काय म्हणाले? सांगतो तिला?

खोटं बोलताय तुम्ही. नाय? मग विसरले असतील. वय झालंय. पण खिंडीत — खिंडीत आठवलं असणार की. मी कठड्यावर बसून रडत होते काका, आणि ते शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत होते. म्हणत होते, होतं असं, सगळ्यांनाच जमत नाय. म्हणजे माहीत असून. पाठीवरून हात फिरवत.

त्यांनी मला म्हणायचं होतं ना तोंडावर, की शीरा, मला जायचंय. मी काय धरून ठेवलं असतं? ठेवलं असतं म्हणा. तरी पण.

काय करताय? कोणाला लावताय? नको. ठेवा तो फोन. नाय, आता काय बोलू नका त्यांच्याशी, चूकबिक काय सांगू नका. आणि कधी विचारलंच त्यांनी, तर मी इथे आलेच नव्हते.