सासऱ्यांना गाडीतून नेल्याबाबत

जबाब देणार : जखमी इसमाची सून. वय ३४ वर्षे. धंदा – चष्म्याच्या दुकानात भिंगे घासणे व फ्रेममध्ये बसवणे. राहणार – पाण्याच्या टाकीमागील तीन मजली इमारत, तळमजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती व सासरे असे तिघे राहण्यास आहोत. सासूबाई हयात नाहीत. आम्हाला मूल नाही. पती फरश्यांच्या दुकानात विक्रीचे काम पाहतात. सासरे बसचालक होते, आता निवृत्त आहेत. लग्न झाल्यापासून ते मला 'ए' अशी हाक मारीत. आजारी पडल्यावर 'सूनबाई' म्हणू लागले. आमच्यात भांडण नव्हते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला सासऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया झाली. आत पट्ट्या व स्क्रू बसवले आहेत. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला समोर बसवून सांगितले की, हाड धरेपर्यंत त्यांना गचका बसता कामा नये, सखल जागी बसवायचे नाही, खुर्ची-पलंग सगळे उंच हवे. पतींनी "हो डॉक्टर, हो डॉक्टर" म्हटले. पलंगाच्या पायांखाली विटा मी लावल्या. व्यायामाच्या दवाखान्यात नेण्यासाठी भाड्याची उंच गाडी ठरवली होती. बरोबर मी जात असे. कंबरेचा पट्टा बांधणे, बूट घालणे हे मी करीत असे.

पतींची स्वतःची एक आखूड, लाल रंगाची, वेगाला चांगली अशी गाडी आहे. तिच्यात बसताना चप्पल झटकून बसावे लागते. तिला खाली घ्यायची, म्हणजे मूळच्या स्प्रिंगा काढून त्याजागी तोकड्या स्प्रिंगा बसवायच्या, हे त्यांच्या मनात बरेच दिवस होते. घटनेच्या आदल्या आठवड्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी ते मला बरोबर घेऊन गॅरेजवर गेले. गॅरेजच्या मालकाला सगळे फोरमन म्हणतात.

फोरमनने गाडी वर उचलून चाके काढली. पुढच्या चाकामागचा खांब सोडवून जमिनीवर आडवा ठेवला आणि त्यावरची स्प्रिंग दोन्ही बाजूंनी शिकंज्यात धरून पान्ह्याने थोडी थोडी दाबत आणली. मी बघायला पुढे झाले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, समोर नका उभ्या राहू. दाबलेली आहे ती, सुटली तर तोंड फोडेल." मी बाजूला झाले. पती तिथेच उकिडवे बसून होते.

जुनी स्प्रिंग निघाल्यावर फोरमनने नव्यांचे दोन जोड आणून ठेवले. त्यावेळी झालेले बोलणे मला आठवते ते असे.

फोरमन म्हणाले, "दोन्हीत गाडी तेवढीच खाली बसेल. दिसायला सारखंच. पण ह्या कडक आहेत, रस्त्यावरचा खडासुद्धा बुडाला कळेल. घरात वयस्कर कोणी असेल तर ह्या नरम घ्या."

पती म्हणाले, "वडील आहेत. पाठीचं ऑपरेशन झालंय."

"मग विषयच संपला. नरम."

पती म्हणाले, "कडक बसवा."

फोरमनने माझ्याकडे पाहिले. मी पतींना "अहो, बाबांना कधी न्यायची वेळ आली तर?" असे विचारले. ते म्हणाले, "बाबा कधी बसलेत माझ्या गाडीत? तू तुझ्या काचा बघ." शस्त्रक्रियेची गोष्ट फोरमनला पतींनी स्वतः सांगितली, मी नाही, हे मला पुन्हा विचारण्यात आले. मी पुन्हा तेच सांगते.

गाडी खाली उतरवली तेव्हा चाक आणि वरची पत्र्याची कमान यांच्यामध्ये पूर्वी माझा पंजा जायचा, तिथे बोट जाईना. पतींनी गाडीभोवती फेरी मारली. ते खूश होते. येताना त्यांनी मला आवडते ते गाणे लावले. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला माझे दात एकमेकांवर आपटत होते. मी तसे बोलले नाही.

घरी आलो तेव्हा सासरे वॉकर धरून फाटकाशी उभे होते. दोघे शेजारीही होते. सासरे म्हणाले, "हे काय? ही तर फतकल मारून बसलीये. गचक्या, उठव तिला, कदाचित बाळंत व्हायची असेल." गचक्या हे सासऱ्यांनी पतींना ठेवलेले नाव आहे. गाडी शिकताना त्यांच्या हातून गचके फार बसत, त्यावरून. पाहुण्यांसमोर, आमच्या लग्नाच्या मांडवातही सासऱ्यांनी त्यांना याच नावाने हाक मारली होती. शेजारी हसले. पतीही हसले. सगळ्यांचे हसून झाल्यावरही पती हसत होते.

घटनेच्या दिवशी व्यायामाची पाळी होती. सकाळी मी पट्टा बांधत असताना पती आत आले आणि म्हणाले, "भाड्याची गाडी नको सांगितलीये. आज मी रजा टाकलीये, मी नेतो." मी म्हटले, "त्या गाडीत त्यांना बसताच येणार नाही." त्यावर सासरेच म्हणाले, "येतं मला. मी काय मोडलोय का? बघू तरी, कशी चालवतो."

सासऱ्यांना पुढच्या आसनावर बसवायला मला व पतींना मिळून बराच वेळ लागला. आसन इतके खाली होते की त्यांचे गुडघे छातीजवळ आले. चेहऱ्यावर घाम होता. मी उशी द्यायला गेले तर पती म्हणाले, "राहू दे, सवय होईल." मी मागे बसले.

दवाखान्याचा रस्ता सरळ व गुळगुळीत आहे. पती त्या रस्त्याने गेले नाहीत. त्यांनी गोदामांमागच्या रस्त्याला गाडी घातली. त्या रस्त्याने अवजड वाहने जातात, म्हणून थोड्याथोड्या अंतरावर गतिरोधक आहेत. मी "इकडून कुठे?" असे विचारले. ते म्हणाले, "इकडे गर्दी नसते."

पहिल्या गतिरोधकावरून गाडी हळू गेली, तरी खालून घासली. पतींनी विचारले, "लागलं का बाबा?" सासरे म्हणाले, "छे." दुसऱ्यावर गाडी वेगात गेली. सासऱ्यांच्या तोंडून आवाज निघाला. ते म्हणाले, "अरे, हळू."

पती शांतपणे बोलत होते. त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "हळू म्हणजे काय ते नीट सांगा ना. डेपोमागच्या मैदानात मला सांगायचात तसं. प्रत्येक गचक्याला एक थोबाडीत. सगळे ड्रायव्हर, कंडक्टर कडेला बसून बघायचे. तुम्ही त्यांना म्हणायचात, मोजा रे. आज तुम्ही मोजा."

आणि त्यांनी गाडी पळवली. पुढच्या गतिरोधकावर माझे डोके छताला लागले. सासरे दोन्ही हातांनी दारावरची मूठ धरून होते. त्यांनी समोर बघत "एक" म्हटले.

त्यांनी खरोखर मोजायला सुरुवात केली. विनवणी केली नाही. मी पतींचा खांदा धरून ओढला, "अहो, थांबा, मरतील ते" असे म्हणाले. त्यांनी खांदा झटकला. मी दार उघडण्याचा प्रयत्न केला. मागचे दार आतून उघडत नव्हते. ते कुलूप कधी लावले होते, मला सांगता येणार नाही. मग मी सासऱ्यांना म्हणाले, "बाबा, तुम्ही तरी म्हणा ना, चुकलं म्हणा. म्हणजे थांबतील ते."

रस्ता संपत आला होता. पतींनी वेग कमी केला. ते वाट बघत होते असे मला वाटले.

सासरे म्हणाले, "काय चुकलं? चालवायला आली ना त्याला? मारलं म्हणून आली."

पतींनी तिथेच गाडी वळवली आणि आलेल्या रस्त्याने परत नेली. येताना वेग जास्त होता. येताना सासऱ्यांनी मोजले नाही. त्यांची मूठ सुटली होती. मी मागून त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर धरून ठेवण्याचा प्रयत्न केला. माझ्या दोन्ही हातांवर वळ आहेत, ते मी दाखवले आहेत.

शेवटचा गतिरोधक गेला. नंतर सासरे मला म्हणाले, "सूनबाई, माझा बूट निघाला का बघ. पायात वाटत नाहीये."

मी वाकून पाहिले. दोन्ही बूट पायात होते, पट्टे लावलेले होते.

मी तसे सांगितले. पतींनी आरशातून माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी गाडी चांगल्या रस्त्याला घेतली आणि मोठ्या इस्पितळापर्यंत इतकी हळू चालवली की मागची वाहने भोंगे वाजवत होती. वाटेत गटाराचे एक झाकण खचलेले होते, ते त्यांनी वळसा घालून चुकवले.

इस्पितळात तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी काय झाले असे विचारले. पती काही बोलण्याआधी सासरेच म्हणाले, "बाथरूममध्ये घसरलो." पती फाईल हातात धरून उभे होते. बाहेरच्या बाकावर पती मला म्हणाले, "तू मागे होतीस. मागून काय दिसतं माणसाला? ते स्वतः सांगतायत ना काय झालं ते?" ते माझा हात धरून बसले होते. मी हात सोडवून घेतला नाही.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी मला एकटीला आत बोलावले. पट्टी जागची सरकून आतली नस चेंगरली आहे, कमरेखालची हालचाल व जाणीव परत येण्याची आशा धरू नका, असे त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, "एक सांगा, बाथरूममध्ये पडलेल्या माणसाच्या पायात बूट-मोजे कसे? कमरेला पट्टा कसा?" तेव्हा मी त्यांना खरे सांगितले. त्यांनीच पोलीस ठाण्यास कळवले.

पतींच्या गाडीला सध्या मूळच्या स्प्रिंगा आहेत, असे पाहणीत आढळल्याचे मला सांगण्यात आले. त्याबाबत विचारल्यावरून सांगते की, सासऱ्यांना दाखल केले त्याच दिवशी दुपारी, मी औषधे आणायला गेले असताना, पती गाडी घेऊन गॅरेजवर गेले होते. हे मला फोरमनने फोन करून कळवले. ते म्हणाले, "वहिनी, एवढ्या हौसेने बसवल्या न् आठवडाभरात काढायला लावल्या. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, वडिलांना त्रास होतो. मी म्हटलं, बघा, मुलगा असावा तर असा." फोरमनला तोवर काही माहीत नव्हते. मी त्यांना फोनवर काही सांगितले नाही. काढलेल्या स्प्रिंगा त्यांच्याकडे आहेत.

आज सकाळी ठाण्यात येण्यापूर्वी मी सासऱ्यांना भेटले. पुष्कळ उशा लावून त्यांना निजवले होते. मी त्यांचे तोंड पुसले. ते म्हणाले, "तू ठाण्यात चाललीयेस म्हणे." मी हो म्हटले. ते म्हणाले, "मी बाथरूममध्ये पडलो. कोर्टात उचलून नेलं तरी हेच सांगणार. तू वेगळं बोललीस तर तू खोटारडी, असंही सांगणार." मी बरं म्हटले आणि पांघरूण सारखे केले.

निघताना त्यांनी मला थांबवले. छताकडे बघत म्हणाले, "हात बसलाय पण त्याचा. एवढ्या वेगात, एवढी बुटकी गाडी, न् स्टिअरिंग एकदा हललं नाही. वळवली कशी, बघितलंस? माझ्या उमेदीत मला नसती जमली."

मी विचारले, "हे त्यांना कधी सांगितलंत?"

ते म्हणाले, "त्याला कशाला सांगायचं? डोक्यावर बसेल."

मी इस्पितळाचा जिना उतरत असताना पतींचा फोन आला. मी कुठे चालले आहे ते त्यांनी विचारले नाही. "बाबा माझ्याबद्दल काही बोलले का?" एवढेच विचारले. दोनदा विचारले.

मी 'नाही' असे सांगितले.

माझे म्हणणे वरीलप्रमाणे आहे. मी बोलले तसे ते उतरवून घेतले, महिला अंमलदारांनी मला सावकाश मोठ्याने वाचून दाखवले, त्यात काही कमी करायचे किंवा घालायचे आहे का असे विचारले. मी नको म्हटले. सर्व खरे व बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.