पोट्ट्याची मशीन

मोठ्या कॉम्प्युटरचे दिवस संपले म्हणता ना, मग आमच्या मोठेबाबांचं ऐका. हे बाबांचे थोरले भाऊ, एकोडी गावचे. कॉलेज सोडून मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, म्हणजे त्यांच्या लेखी रिकामाच. त्या दिवशी त्यांच्याच पोरीच्या लग्नाची फिल्म माझ्या मशीनवर तयार होत होती. संध्याकाळी ती व्याह्यांकडे सगळ्या पाहुण्यांना दाखवायची होती. मशीन चालूच ठेवून, फक्त मॉनिटर बंद करून मी जेवायला उठलो. मोठेबाबा शेजारीच बसले होते.

"येवढा मोठा डबा कायले लागते रे? माह्या मोबाईलात सारं होते."

"मग करा तुमीच."

जेवून आलो तर टेबलाखालची घरघर थांबलेली.

"मोठेबाबा, बटन कोनं बंद केलं?"

"मीनं. पडदा काळा, अन् डबा फुकटची लाईट खाऊन राहिला होता. तुले तं अक्कल नाही."

सकाळपासूनचं काम गेलं, आता पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला. मोठेबाबांचा आवाज जराही हलला नाही.

"आज नाही जमत, इवाईबुवा. काय करता, पोट्ट्याची मशीनच लहान पडली!"