अर्धी दाढी

(मास्तर खुर्चीत. दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्याभोवती टॉवेल, तोंडावर फेस.)

न्हावी: डावा गाल झाला, मास्तर. आता जरा थांबतो.

मास्तर: थांबतोस कशाला? फेस वाळतोय.

न्हावी: आधी एक बोलायचंय.

मास्तर: वस्तरा हातात धरून?

न्हावी: हा ठेवला खाली.

मास्तर: बोल, पण आटपतं घे. पाळकसाहेब येतायत चर्चमधून, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन. वर्षभर मी देवळात गेलो नाही, म्हणून बिचारे स्वतः पायऱ्या चढून येतायत. त्यांच्यापुढे एका गालाने बसू का?

काकू: अहो, बोलू द्या की त्याला. आल्यापासून घसा खाकरतोय. मला वाटलं सर्दी झाली, म्हणून आल्याचा चहा करून ठेवलाय.

मास्तर: बायको माझी, हात माझे मोडलेत आणि चहा त्याला.

काकू: तुम्हालाही पाजते, पण बशी मला धरावी लागते. कपडे घालायचे, घास भरवायचे, वर तुमची बोलणी खायची. दोनच हात आहेत मला.

मास्तर: माझ्यापेक्षा दोन जास्त. बोल रे.

न्हावी: महिनाभर मी देवळाची फरशी पुसतोय, मास्तर. बाकं पुसतो, पाणी भरतो. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन दाढ्या करतो, फुकट. पाळकसाहेबांना वाटलं, मला देवाची ओढ लागली. मलाही तसंच वाटत होतं.

मास्तर: चांगलंय की. माझ्याकडे त्यासाठीच आलास ना? मी तुझ्या यादीतला आजचा लुळा-पांगळा.

न्हावी: तुम्ही शेवटचे. तुमच्याकडे यायला लागू नये म्हणून तर बाकी सगळी घरं फिरलो.

काकू: हे काय बोलणं झालं, बाबा?

न्हावी: खरं तेच सांगतोय, काकू. काल मी फरशी पुसत होतो. पाळकसाहेब येऊन उभे राहिले आणि म्हणाले, अरे, ही फरशी स्वच्छ आहे. डाग जिथे पडलाय तिथे जाऊन पूस. त्यांना काही ठाऊक नव्हतं, सहज बोलून गेले असतील. माझ्या मात्र हातातलं फडकं गळालं.

मास्तर: बरं, मग डाग कुठेय?

न्हावी: इथे. तुम्ही गायकमंडळापुढे उभे राहून गाता तेव्हा देवळातली मंडळी तुमच्या आवाजावर हसते, असं मी येऊन सांगितलं होतं ना तुम्हाला?

मास्तर: सांगितलं होतंस. याच खोलीत. हळहळत होतास. वर आणखी म्हणालास, लोकांची तोंडं कोण धरणार.

न्हावी: पाळकसाहेबांनाही तेच सांगितलं होतं. माझ्या खुर्चीत बसले होते ते, दाढी करून घ्यायला. मग त्यांनी तुम्हाला विश्रांती घ्या म्हटलं, आणि गायकमंडळ माझ्याकडे आलं.

मास्तर: हे मला माहीत आहे. दर रविवारी खिडकीतून ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, देवळात कुणीतरी जिन्यावरून पडलंय.

काकू: पडलात तुम्ही. देवळातलं गाणं सुरू झालं की हे स्टुलावर चढून खिडकीची वरची झडप लावायचे. म्हटलं, मी लावते. तर म्हणे, मला जमतं. जमलं बरं का. दोन्ही मनगटं एकदम.

न्हावी: हे मला ठाऊक नव्हतं, काकू. मी ऐकलं की बल्ब बदलताना पडले.

मास्तर: लोकांना काय सांगणार? भजनाच्या धास्तीने पडलो म्हणून?

न्हावी: मास्तर, कुणी हसत नव्हतं.

मास्तर: कुणी म्हणजे?

न्हावी: कुणीच नाही. मी रचून सांगितलं. बावीस माणसांच्या मंडळात मागच्या रांगेत उभं राहून मला कंटाळा आला होता. पुढे उभं राहायचं होतं.

मास्तर: ती शिंपीण? मी वरचा सूर लावला की ती पदर तोंडाला लावायची. मी स्वतः पाहिलंय.

न्हावी: ती रडायची. अजूनही विचारते, मास्तर कधी येणार.

काकू: वर्षभर, बाबा. वर्षभर हा माणूस रविवारी सकाळी भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तू त्याच्याच घरी बसून माझा चहा प्यायचास.

न्हावी: म्हणून तर आज आल्याआल्याच चहा नको म्हणालो, काकू.

काकू: ते मी ऐकलं नाही. आता पिऊनच जा, गार झालाय. शिक्षा समज.

न्हावी: मास्तर, काहीतरी बोला. फार वाईट वागलो मी. तुम्ही म्हणाल ते करतो. रोज येईन. अंघोळ घालेन, घास भरवेन.

मास्तर: घास भरवायला ही आहे. आणि तुझ्या हातून अंघोळ घालून घ्यायची वेळ देव कुणावर न आणो. तुला पुसायला अजून एक फरशी हवीय, मला दिसतंय.

न्हावी: मग काय करू?

मास्तर: मला सांगितलंस, ते झालं. मी घरातला. पाळकसाहेब आत्ता येतील, त्यांना सांग.

न्हावी: सांगतो.

मास्तर: आणि रविवारी सगळ्या मंडळीसमोर.

न्हावी: सगळ्या?

काकू: झालं याचं पश्चात्तापाचं. बघा कसा पांढरा पडला.

न्हावी: नाही काकू, सांगेन. पुढे उभा राहून सांगेन. माफ मात्र कराल ना, मास्तर?

मास्तर: आत्ता माझ्या एका गालावर फेस वाळतोय आणि तुझं थोबाड रंगवायला हात उचलत नाहीत. अशा वेळी माफ केलं म्हणालो, तर खोटं होईल. आणि खोटं या खोलीत पुरे झालं. मला जरा वेळ दे.

न्हावी: देतो, मास्तर.

मास्तर: उभा राहशील तेव्हा ताठ राहा. हनुवटी छातीत खुपसायची नाही. तोंड उघडून, शेवटचा शब्द न खाता बोलायचं. शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट गेलं पाहिजे.

काकू: शेवटच्या बाकावर कोण बसतं? ते तर रिकामंच असतं म्हणतात.

मास्तर: या रविवारी मी बसणार आहे.