बाटलीतले बुडबुडे

(बारामतीतला एक दवाखाना, पुरुषांचा वॉर्ड. निरवांगीचे आबासाहेब डोळे मिटून पडलेत, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क; त्याची नळी भिंतीवरच्या चावीखालच्या पाण्याच्या बाटलीतून आलेली. उशाशी बायको शकुबाई आणि धाकटा भाऊ म्हस्कू.)

म्हस्कू : आता बघ वैनी, बाटलीत कसं खळाखळा बुडबुडं निघत्यात! मगाशी निस्तं एकेक चाललं हुतं.

शकुबाई : भावजी, तुमी चावीला हात लावला?

म्हस्कू : लावला की. जन्मभर उसाला दारं धरली मी. शेवटच्या सरीला पाणी पोचंना, तर दार जरा जास्त मोडायचं. हितंबी तसंच.

शकुबाई : सकाळधरनं धापा टाकत हुते. आता गप झोपल्यात.

म्हस्कू : मग! जीव भरून हवा मिळाली दादाला.

शकुबाई : व्हय. झोपू द्या त्यांना.

करुणा सिस्टर : काका झोपले का? बघू... अगंबाई, ही चावी कोणी फिरवली?

म्हस्कू : मी. का वो सिस्टर?

करुणा सिस्टर : आबासाहेब! ओ आबासाहेब, डोळे उघडा! (दाराशी उभ्या आयाला) बानूबाई, डॉक्टरांना बोलवा, लगेच! मामा, यांचा दमा जुना. असल्या छातीला ऑक्सिजन बेतानंच द्यावा लागतो. जास्त झाला की वापरलेली हवा आतच कोंडते, माणूस गुंगतो. ही झोप नाही.

म्हस्कू : म्हंजी... म्या दादाला...

करुणा सिस्टर : ते नंतर. कमी केलाय मी. डॉक्टर येईतोवर हाका मारत राहा. गुंगी वाढता कामा नये.

म्हस्कू : दादा! ए दादा!

शकुबाई : तशा हाकंला न्हाय उठायचे ते. घरात कधी एका हाकंला ओ दिलीय व्हय? कीर्तनातलं म्हणा.

करुणा सिस्टर : कीर्तनातलं काय, मावशी?

शकुबाई : बुवांनी 'पुंडलीक वरदे' म्हणलं, की पयला आवाज ह्यांचा. देवळाभाईर चपला राखणाऱ्याला ऐकू जायचा. तुमी म्हणता का, सिस्टर?

करुणा सिस्टर : आमच्यात नाही म्हणत ते. पण तुम्ही म्हणा, चांगलं मोठ्यानं. वॉर्डाचं मी बघते.

म्हस्कू : माझ्या त्वांडातनं फुटंना, वैनी. ह्याच हातानं...

शकुबाई : हाताचं मागनं बघू. त्वांड उघडा.

म्हस्कू : पुंडलीऽक वरदे...

शेजारच्या खाटा : हाऽरी विठ्ठल!

म्हस्कू : समदा वॉर्ड बोलला गं. दादाच न्हाय बोलला.

शकुबाई : परत.

म्हस्कू : पुंडलीऽक वरदे...

शेजारच्या खाटा : हाऽरी विठ्ठल!

करुणा सिस्टर : थांबा, थांबा. मास्कच्या आत ओठ हलले त्यांचे.

शकुबाई : आता बाकीच्यांनी गप बसा, बाबांनो. ह्यांना जरा यळ लागंल.