साखर तपासायचा उपवास

तुम्हाला सांगते, पुण्यातली एक संस्था आन् परदेशातली एक, अशा दोघींनी मिळून आमच्या शिक्रापुरात साखर तपासायचं शिबिर ठेवलं. नर्सबाई म्हणाल्या, "काकू, सगळ्यांना उपाशी यायला सांगा." सांगायचं काम म्हंजी माझंच! दारोदार फिरले, "उद्या उपवास धरा गं!"

सकाळी बघते तर आख्ख्या गल्लीची साखर वाढलेली. परदेशी डॉक्टरीण घाबरली. माझी बिहारी भाडेकरू सुनीता, चक्कर येते म्हणून कंपनीत खाडा करून आलेली, ती म्हणाली, "चाची ने साबूदाने की खिचडी खिलाई."

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "काकू, आता हिला उद्या परत खाडा!"

मी ओशाळून विचारलं, "मग आता सगळ्यांना निर्जळी सांगू का?"

"न्हाई, काकू. सांगायचं आम्ही बघतो. तुम्ही मौन धरा."